रकान्यातलं अक्षर

राजरत्न तांबे कोकणातल्या एका राखीव मतदारसंघाचा आमदार. जन्म मात्र परळच्या चाळीतला. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली तेव्हा वडिलांनी, गणपत तांब्यांनी, बायको आणि मुलांना गावी पाठवलं आणि स्वतः खोली धरून राहिले. राजरत्न गावात वाढला. सरपंच झाला, मग पंचायत समिती, जिल्हा परिषद. विधानसभेला दोनदा पडला, तिसऱ्यांदा चार हजार मतांनी आला. पडलेल्या उमेदवाराने त्याच्या जातीच्या दाखल्यालाच आव्हान दिलं.

जात पडताळणी समितीला १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. घरात तसा एकच कागद होता, आजोबांचा १९३८ सालचा शाळेचा दाखला. त्यातला जातीचा शब्द ब्लेडने खरवडलेला आणि त्यावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात 'बौद्ध'. अडतीस साली हा शब्द तिथे असणं शक्य नाही, दाखल्यात खाडाखोड आहे, असं समितीने कळवलं.

राजरत्न चाळीत आला.

"आप्पा, हे कोणी केलं?"

"मी. दीक्षा घेतली त्या आठवड्यात. बापूस म्हणाला, तुझं अक्षर चांगलं, तू लिही. अकरा वर्षांचा होतो. भजी खायला घातली मला."

"त्या भज्यांपायी माझी आमदारकी चाललीय."

"दादा, आवाज खाली," आतून आता आप्पांजवळ राहणारी बहीण संघमित्रा म्हणाली. "ही तुझी सभा नाय."

राजरत्नने वकिलाने टाइप करून दिलेलं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. 'मूळ शब्द महार असा होता. तो मी स्वतः खोडला.' खाली सहीची जागा.

गणपतने ते दोनदा वाचलं. "हा शब्द या खोलीत कोणी उच्चारत नाही."

"त्याच शब्दावर जागा राखीव आहे, आप्पा. मी निवडून आलो तेव्हा चाळीत पेढे वाटलेत ना?"

"वाटले."

"मग?"

गणपत उठला. शर्ट घालून निघाला.

हिंदमाताजवळच्या नोटरीकडे राजरत्नने पेन उघडून वडिलांसमोर धरलं. गणपतने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला.

"आप्पा, सही!"

"सही बौद्धाची आहे. त्या शब्दाखाली आमच्या आज्याचा अंगठा असायचा. तोच घे."

"आजोबा, लिहिता-वाचता येत नाही?" नोटरीने विचारलं.

"नाही."

नोटरीने कागदावर तसा शेरा लिहिला. चाळीचं वाचनालय गणपतने वीस वर्षं चालवलं होतं. राजरत्नला ते माहीत होतं. पण सुनावणी दुपारी होती आणि म्हातारा पुन्हा खोलीबाहेर पडेल याची खात्री नव्हती. त्याने कागद उचलला.

समोरच्या वकिलाने गणपतच्या सहीचे पेन्शनचे कागद काढले. साक्षर माणसाने निरक्षर असल्याचं भासवलं, सबब प्रतिज्ञापत्र विश्वासार्ह नाही, असं समितीने नोंदवलं आणि राजरत्नचा जातीचा दाखला अवैध ठरवला.

संघमित्रा निकाल वाचून दाखवू लागली. गणपतने तिच्या हातून तो घेतला आणि शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचला.

"कोर्टात जाता येईल," ती म्हणाली. "नवं प्रतिज्ञापत्र लागेल. सहीचं."

"करतो म्हणावं."

त्याने राजरत्नला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा पूर्ण रिंग वाजली. तिसऱ्यांदा नंबर बंद होता.