आठ फेब्रुवारीपर्यंतचा बॅकअप

सोमवारी सकाळी कृत्रिम अवयव केंद्रातला मुख्य कॉम्प्युटर कोरा निघाला, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेले सगळे पेशंट पुसट झाले.

शर्मिला आवटी चप्पल काढून आत आली तेव्हा एकवीस जण रांगेत होते. त्यांच्या अंगातून बाकाच्या पट्ट्या दिसत होत्या. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. सरकारी दवाखान्यांतून थांबून थांबून आलेली माणसं ती. आपण दिसेनासे होतोय हेही त्यांनी नंबर लागेल तेव्हा बघू, असंच घेतलं होतं.

डॉ. मगदूम मात्र अगदी निवांत होते. "काळजी करू नका," ते बाकाकडे बघून म्हणाले, "आवटी मॅडम रोज संध्याकाळी सगळ्यांच्या मापांचा बॅकअप घेतात. मागच्या इमारतीत शेअर ड्राइव्ह आहे, तिथे नक्कल असते. मॅडम, तेवढं परत आणा."

आणि त्यांनी शर्मिलाची वही उघडून सगळ्यांना दाखवली. रोजची तारीख, पुढे 'बॅकअप पूर्ण', खाली तिची सही. सुवाच्य अक्षर. एकही खाडाखोड नाही.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला पडद्यावर 'ड्राइव्ह सापडत नाही' असं आलं होतं. नवऱ्याला ताप होता, तिला घरी जायची घाई होती. उद्या बघू म्हणून तिने 'पूर्ण' लिहिलं. दहा तारखेला ते कुणाला विचारायचं तर नऊ तारखेचं सांगावं लागलं असतं. अकराला दोन्ही दिवसांचं. मार्चमध्ये तर डॉक्टरांनी मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं, त्यानंतर विचारायची सोयच उरली नाही. आठ महिने ती रोज तेवढा एक शब्द लिहीत होती, आणि लिहिताना वहीवर डावा हात आडवा धरायची.

तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पासवर्ड दोनदा घातला. नेटवर्कची वायर काढून फुंकर मारली, परत बसवली. 'ड्राइव्ह सापडत नाही.'

"वायर कुठवर जाती, बघू या की," कुणीतरी म्हणालं.

ते बिरनाळे होते. रामगोंडा बिरनाळे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. साखरेच्या आजाराने उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. नवा पाय जूनमध्ये बसवला, आणि ते त्यावर कवायतीला निघाल्यासारखे ताठ चालायचे. आत्ता तो पाय आणि खरा पाय, दोन्ही सारखेच पुसट होते.

"तुम्ही बसा, मी जाऊन येते," शर्मिला म्हणाली.

"बसून काय करू? बसलो की जास्तच जातोय, बगा."

निळी वायर भिंतीच्या कडेकडेने मागच्या बोळात गेली होती. रोज पाणी प्यायला जायचा तो बोळ, पंधरा पावलांचा. त्या दिवशी शंभर पावलं झाली तरी माठ आला नाही. मागे बाकीचे पेशंटही उठून आले होते. कुबड्यांचे आवाज येत होते, पण दर वळणाला कमी.

"लईच लांब झालाय ह्यो बोळ," बिरनाळे म्हणाले. "कुणाचं येणं-जाणं न्हाई वाटतं हिकडं."

शर्मिलाचे कान तापले. "बिरनाळेकाका, मी खोटं लिहिलं," ती वायरकडे बघत म्हणाली. "फेब्रुवारीपासून बॅकअप झालेलाच नाही. मला माहीत होतं."

बिरनाळ्यांनी भिंतीला हात टेकून पुढचं पाऊल टाकलं.

"डॉक्टरास्नी ठावं हाय?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता? मी काय करू त्येचं?"

ती वायर धरून पुढे निघाली.

बोळ संपला तिथे एक खोली होती. आत बाकांवर आठ फेब्रुवारीचे पेशंट बसले होते. लख्ख, भरीव, हातात टोकन धरलेले. भिंतीशी फेब्रुवारीचे बिरनाळे मांडीवर कुबड्या घेऊन पेंगत होते, आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको. सोबतीला आलेली म्हणून तिचं नाव त्यांच्याच फॉर्मवर होतं.

"अक्काताई," बिरनाळे म्हणाले. एप्रिलमध्ये त्यांनी तिला स्मशानात पोचवलं होतं.

"आलासा? किती येळ," ती म्हणाली. मग त्यांच्या पायाकडे बघितलं. "चालाय लागलासा की ओ!"

बिघाड दाराशीच होता. ड्राइव्हच्या डब्याची पिन कुणीतरी काढून खाली टाकली होती, आणि त्या जागी टेबलफॅन लावला होता. फॅनचा वारा अक्काताईच्या तोंडावर येत होता. पिन बदलायची, की झालं. नऊ फेब्रुवारीला ती इथवर आली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

तिने फॅनच्या पिनेला हात घातला.

"थांबा," बिरनाळे म्हणाले. "ह्ये लावल्यावर काय हुतंय?"

"आठ फेब्रुवारी परत येईल. तुम्ही सगळे पहिल्यासारखे भरीव व्हाल."

"म्हंजे मला पुढलं काय आठवणार न्हाई."

"नाही."

"आणि एप्रिल परत काढायचा."

बोळातून आता एकाच कुबडीचा आवाज येत होता.

बिरनाळे बायकोशेजारी टेकले. "मॅडम," ते हलक्या आवाजात म्हणाले, "बरं झालं तुमी बॅकअप घेतला न्हाई. घेतला असता तर एप्रिलातच ही हितनं पुसली असती. लई उपकार झाले."

डॉक्टरांनी रागावून वही तोंडावर फेकली असती, तरी तिला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नसतं. "असं नका म्हणू," ती म्हणाली. "काका, पाया पडते, असं नका म्हणू. बाहेर बोळात वीस माणसं आहेत."

"व्हय, हायत की," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

तिची बोटं पिनेवर घामाने निसटत होती. अक्काताईने ते बघितलं.

"बाई, किती घामेजलीस," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे सरकून तिने बाकावर जागा केली. "ये, जरा वाऱ्याला बस."

बोळात आता एकही कुबडी वाजत नव्हती. शर्मिला पिन न काढता आली आणि बसली. फॅन फिरत फिरत त्यांच्याकडे वळला. वारा अक्काताईच्या पदराला लागला, शर्मिलाच्या कपाळाला लागला, आणि मग बिरनाळ्यांच्या छातीतून आरपार जाऊन मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर फडफडवू लागला.