डावी बाही

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर एका बाईने लिफ्टवालीच्या हातात निळी कापडी पिशवी दिली, "जरा धरा हं ताई, आलेच," म्हणाली आणि वॉर्डाकडे पळाली. ती परत आली नाही.

लिफ्टवालीने जाळीचं दार उघडं धरून ठेवलं. आत एक स्ट्रेचर होतं, दोन नर्सबाई होत्या, आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी घंटेवर बोट ठेवून उभं होतं.

"अहो, चला ना," एक नर्सबाई म्हणाली. "कोणाची वाट बघताय?"

"आलेच म्हणाल्या त्या."

"इथं सगळेच म्हणतात."

लिफ्ट वर गेली. दिवसभरात ती जितक्या वेळा तिसऱ्याला थांबली तितक्या वेळा लिफ्टवालीने मान बाहेर काढून व्हरांड्यात पाहिलं. लिफ्टसमोरचा बाक रिकामाच होता. त्याच बाकावर ती बाई थंडी पडल्यापासून रोज बसायची. हातात सुया, मांडीवर विटकरी रंगाचं विणकाम. विणताना ती हाताकडे कधी बघायची नाही, वॉर्डाच्या दाराकडे बघायची. दार उघडलं की सुया थांबायच्या, मिटलं की पुन्हा चालू. दोघींचं बोलणं म्हणाल तर एवढंच: "आज गारठा जास्तच आहे." "हो ना."

संध्याकाळी लिफ्टवालीने पिशवी स्टुलामागच्या खुंटीला अडकवली. पूर्वी त्या खुंटीवर तिच्या नवऱ्याची टोपी असायची. लिफ्ट आधी तोच चालवत होता. तो गेल्यावर नोकरी तिला मिळाली, स्टूल, खुंटी आणि लिफ्टच्या सगळ्या खोड्यांसकट. पिशवी घरी न्यावी असं तिच्या मनात आलं होतं. पण लिफ्टमध्ये दिलेली वस्तू लिफ्टमध्येच असली पाहिजे. ती बाई आली आणि पिशवी जागेवर नसली तर?

दुसऱ्या दिवशी तिने वॉर्डातल्या सफाईच्या मावशींना गाठलं.

"कोण बाई?" मावशी म्हणाल्या.

"बाकावर बसून विणायच्या त्या."

"हां, कोपऱ्यातल्या कॉटवाल्याची. ती कॉट कालच रिकामी झाली."

"घरी गेला तो?"

मावशींनी फडकं पिळलं. "मी आले तेव्हा गादी उलटी करून ठेवली होती. घरी गेला तरी उलटतात, नाही गेला तरी उलटतात."

"त्याचं नाव काय होतं?"

"नावं विचारत बसले तर फरशी कोण पुसणार?"

खालच्या खिडकीवरचा कारकून रुग्णाचं नाव दिल्याशिवाय काही सांगायला तयार नव्हता. कोणत्या कॉटवर कोण होतं हे रस्त्यावरच्या माणसाला कसं सांगणार, असं त्याने तिला विचारलं. रोज सकाळी तो तिच्याच लिफ्टमधून वर जात असे.

त्याच आठवड्यात लिफ्ट आपली आपण तिसऱ्या मजल्यावर थांबायला लागली. बटण तळमजल्याचं दाबलेलं, आतली माणसं जायच्या घाईत, आणि लिफ्ट तिसऱ्याला येऊन हलकासा हिसका देऊन उभी. दार उघडावं तर समोर रिकामा बाक. त्या हिसक्यासरशी खुंटीवरच्या पिशवीतल्या सुया एकमेकींवर आपटून वाजायच्या.

मेकॅनिकने वर जाऊन पेटी उघडली. "लिफ्ट थांबवणारा रिले चिकटतोय. थंडीत होतं असं."

"तिसऱ्यालाच?"

"आता तो तिसऱ्याचाच रिले आहे म्हटल्यावर पाचव्याला कसा चिकटेल?" मेकॅनिक हसला. लिफ्टवाली हसली नाही.

मग एका दुपारी, लिफ्टला उसंत होती तेव्हा, तिने पिशवी उघडली. स्वेटर बराच झाला होता. पाठ आणि पुढचा भाग जोडलेले, गळा पुरा. पाहणाऱ्याला तो पोराचाही वाटला असता आणि हडकुळ्या माणसाचाही. उजवी बाही सुयांवर होती, मनगटाशी थोडीशी बाकी. डावी बाही मात्र खांद्यापासून वीतभर आली होती, तिथे एकाएकी निमुळती होऊन टोकाशी गोळा करून टाकलेली. टाके सुटून जाऊ नयेत म्हणून तात्पुरतं बांधून ठेवलं असावं, असं लिफ्टवालीला वाटलं. उजवी झाली की बाई ही पुढे विणणार असेल.

तिने स्वेटर घडी करून ठेवला. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एक वेडी अट बसली. स्वेटर पुरा झाला की ती बाई येईल. अर्धा आहे तोवर यायची नाही. ही अट कोणी घातली, का घातली, याला काही उत्तर नव्हतं, आणि तिला विणकामातलं ओ की ठो येत नव्हतं.

घरी सासू होती. काचबिंदूने सासूची नजर जवळजवळ गेली होती, जीभ मात्र शाबूत होती.

"आई, मला विणायला शिकवा."

"आता? केस पिकल्यावर?" सासू म्हणाली. "मी शिकवते म्हणत होते तेव्हा तुला सुया बघून झोप यायची. कोणासाठी विणणार?"

"कोणासाठी नाही. शिकायचंय."

सासूने पलंगाखालची पेटी काढायला लावली. त्यातून जुन्या लोकरीचे गुंडे निघाले, दोन सुया निघाल्या. टाके कसे घालायचे, सुलटा कसा, उलटा कसा, हे तिने सुनेचे हात आपल्या हातात धरून शिकवलं. मग विणलेली पट्टी ती बोटांनी चाचपायची आणि निकाल द्यायची.

"कोणावर रागावली आहेस?"

"कोणावर नाही."

"मग टाक्यांचे गळे का आवळलेस? सुई आत शिरत नाही. आणि इथं एक टाका गळलाय."

"कुठे? मला तर दिसत नाही."

"तुला डोळे आहेत, म्हणून दिसत नाही."

पंधरवड्यात पट्टी बऱ्यापैकी सरळ यायला लागली. लिफ्टवाली रात्री घरी पट्टी विणायची आणि दिवसा, दोन मजल्यांच्या मधल्या वेळात, मांडीवर खरा स्वेटर घ्यायची. उजव्या बाहीचे पहिले काही टाके घालताना ती ते पुन्हापुन्हा मोजत होती. कोणाच्या तरी ताटात न विचारता हात घालावा तसं वाटत होतं. त्या बाईची वीण मोकळी, एकसारखी होती. हिची घट्ट. जिथे एक हात संपून दुसरा सुरू झाला ती जागा मनगटाजवळ कंगोऱ्यासारखी बोटाला लागायची.

लोकांना गंमत वाटायची. शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर म्हणाले, "ताई, आम्हीही टाकेच घालतो दिवसभर. पण तुमच्याइतके मोजून नाही हं."

"म्हणूनच माणसं परत येतात तुमची," नर्सबाई पाठीमागून म्हणाली, आणि लिफ्टभर हशा पिकला. तेवढ्यात लिफ्ट तिसऱ्याला थांबली. कोणी बटण दाबलं नव्हतं. हशा विरला. लिफ्टवालीने दार उघडलं, व्हरांडाभर पाहिलं, दार लावलं.

उजवी बाही झाली. डावीच्या वेळी सासूला विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण विचारलं असतं तर पिशवीची सगळी हकीकत सांगावी लागली असती, आणि एक गोष्ट तरी आपली आपण करून दाखवावी असंही तिला वाटलं. तिने गोळा केलेलं टोक कात्रीने सोडलं. निमुळता भाग उसवून रुंद भागापासून पुढे विणायचा तिचा बेत होता, पण टाके हातून सुटले, धागा सरसर खेचला गेला आणि बघता बघता बाही खांद्यापर्यंत उसवली. मग तिने दम खाल्ला, खांद्याचे टाके एकेक करून सुईवर घेतले आणि उजवीच्या मापाने सबंध बाही विणली. थोडी उसवलेली, थोडी पिशवीतली लोकर वापरून ती बरोबर मनगटापर्यंत पोचली.

पुरा झालेला स्वेटर तिने खुंटीवर, पिशवीच्या वर, नीट दिसेल असा अडकवला. आयुष्यात हाताने केलेली एवढी मोठी वस्तू तिची ही पहिलीच. दोन्ही बाह्या सारख्या लोंबत होत्या. "छान जमलाय हो," मेकॅनिकसुद्धा म्हणाला. उरलेली मूठभर लोकर तिने रुमालात बांधून घरी नेली. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती.

सुट्टीच्या दुपारी उन्हाच्या कवडशात बसून सासूने तो रुमाल सोडला.

"ही कुठली लोकर?"

"उरलेली."

सासू धागा बोटांतून ओढत राहिली. "ही नवी नाही. कुरळी झालीये. विणून बरेच दिवस झालेल्या कापडातली आहे. काय उसवलंस?"

मग लिफ्टवालीने सगळं सांगितलं. पिशवी, बाक, रिकामी कॉट. सासूने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, ही गोष्ट त्या घरात नवी होती.

"बाहीचं टोक कसं होतं म्हणालीस?"

"निमुळतं. आणि गोळा करून बांधलेलं."

"गाठ मारलेली, की शिवलेलं?"

तिने आठवून पाहिलं. कात्री लावावी लागली होती. "शिवलेलं. आतल्या बाजूने. बारीक, सुबक."

"निमुळतं करायला प्रत्येक ओळीला टाके कमी करावे लागतात," सासू सावकाश म्हणाली. "दोन्ही कडांनी, मोजून. बाही चुकून आखूड होईल, बाई. चुकून बंद होत नाही. ती कोणीतरी बंद करतं."

लिफ्टवालीला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिचा उजवा हात आपसूक डाव्या दंडावर गेला, खांद्यापासून वीतभर खाली. तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी ती पाळीच्या आधीच पोचली. सुट्टीच्या दिवशी लिफ्ट चालवणारा बदली माणूस हिशेबाने निघून जायला हवा होता, पण गारठ्यामुळे तो रात्री आतच झोपला होता. तिला बघून तो स्टुलावरून उठला.

"बरं झालं आलात. काल ती तुमची बाई येऊन गेली."

"कोणती?"

"पिशवीवाली. तुम्ही सांगून ठेवलं होतंत ना? लिफ्ट तिसऱ्याला थांबली, आपली आपण, तर ही दारातच उभी. पिशवीकडे टक लावून बघत होती. मीच म्हटलं, तुमचीच का? घेऊन जा, स्वेटरपण तयार आहे."

"मग?"

"स्वेटर हातात घेतला. उजवी बाही बघितली नाही, काही नाही. डावी घेतली आणि वरून खालपर्यंत हात फिरवत गेली. शेवटाला आली तेव्हा थांबली. म्हणाली, हा आमचा नाही."

"एवढंच?"

"एवढंच. जिन्याने गेली."

"तुम्ही थांबवलं नाहीत?"

"अहो, आमचा नाही म्हणाली. मग काय गळ्यात बांधू तिच्या?"

"दिसायला कशी होती?"

बदली माणसाने जरा विचार केला. "डोक्यावरून शाल गुंडाळलेली होती. थंडीत सगळ्या बाया सारख्याच दिसतात."

सफाईच्या मावशी बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या तेव्हा लिफ्टवालीने विचारलं, "मावशी, कोपऱ्यातल्या कॉटवाल्याला काय झालं होतं?"

"हात," मावशी म्हणाल्या. "यंत्रात गेला होता. त्याचं बाकीचं काय झालं मला विचारू नका, मला खरंच ठाऊक नाही." मग दार लागताना म्हणाल्या, "पोरगेलाच होता. दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडायचा."

त्या दिवशी लिफ्टवालीने डावी बाही पुन्हा उसवली. या वेळी धागा तिने हळू ओढला. मनगट गेलं, कोपर गेलं. दंडाशी आल्यावर मात्र कुठे थांबायचं हे तिला कळेना. माप त्या पहिल्या विणीत होतं, आणि ती वीण तिनेच मोडली होती. वीतभर होतं हे आठवत होतं, पण वीत तिची होती आणि दंड दुसऱ्याचा.

संध्याकाळी तिने सासूला विचारलं, "आई, कुठे बंद करू?"

"मी कशी सांगू? माप अंगावरचं असतं."

सासूच्या हातात ती कुरळी लोकर होती. ती तिने अजून ठेवून दिली नव्हती.

"बंद करू नकोस," सासू म्हणाली. "अदमासाने आण आणि टाके दोऱ्यावर घेऊन ठेव. आली तर तीच बंद करेल."

"आणि नाही आली तर?"

"तर उघडी राहील."

तसं तिने केलं, बाही खांद्यापर्यंत उसवून नव्याने विणली. टाके या वेळी मोकळे आले, त्या बाईच्या विणीसारखे. खांद्याजवळ कुठेही जोड लागत नव्हता. शेवटची ओळ पांढऱ्या दोऱ्यावर घेऊन तिने स्वेटर पुन्हा खुंटीवर अडकवला. उजवी बाही सबंध, डावी वीतभर, तोंड उघडं.

थंडी आता सरत आली आहे. मेकॅनिकने मागच्या सोमवारी तिसऱ्या मजल्याचा रिले काढून कोरा करकरीत नवा बसवला आणि लिफ्ट खालीवर नेऊन दाखवली. "आता तक्रार आली तर नाव बदलेन," म्हणाला.

आज सकाळी नऊनंतर, आत एक स्ट्रेचर आणि चार माणसं असताना, पाचव्याचं बटण दाबलेली लिफ्ट तिसऱ्याला थांबली. पिशवीत सुया वाजल्या. लिफ्टवालीने दार उघडलं. बाकावर कोणी नव्हतं, वॉर्डाचं दार मिटलेलं होतं. वरून घंटा वाजत होती, मागून कोणीतरी "चला ना" म्हणालं. तिने एका हाताने स्वेटर खुंटीवरून काढून घेतला आणि दुसऱ्याने दार उघडं धरून ठेवलं.