ब तुकडीचा खेळ

गझाला शेख दारव्ह्यात मुलींच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायची. कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. दिवाळी झाली की वेचणीपायी निम्मे बाक रिकामे दिसत, आणि ज्या मुली येत त्यांतल्या काही प्रार्थनेला उभ्या राहिल्या की चक्कर येऊन खाली बसत. या पोरींना रोज खेळायला मिळालं तर भूक लागेल, अंग धरेल, वर्गातही लक्ष लागेल, असं गझालाला मनापासून वाटायचं. पीएच.डी.साठी तिने हाच विषय घेतला.

तिचे मार्गदर्शक पुंडलिकराव अमरावतीला असत. प्रयोगाची आखणी त्यांनी करून दिली. आठवीच्या अ तुकडीने रोज शेवटचा तास मैदानावर खो-खो आणि दोरीउड्या खेळायच्या, ब तुकडीने तेवढा वेळ वर्गात वाचत बसायचं. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही तुकड्यांच्या सारख्याच चाचण्या घ्यायच्या. मधला फरक म्हणजे खेळाचा परिणाम. ब तुकडीला मैदानापासून लांब ठेव, नाहीतर सगळं फुकट जाईल, असं त्यांनी बजावलं होतं.

दीपा नेमकी ब तुकडीत आली. तिचे वडील उकंडा बाजार समितीत हमाली करायचे, आई मथुराबाई वेचणीला जायची. पोरगी काडीसारखी, पण पायांना भारी चपळ. आम्हाला काहून खेळू देत नाही, असं तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं. गझालाने तिला समजावलं की यंदा अ चा नंबर, पुढच्या वर्षी तुमचा. दीपाने मान डोलावली आणि ती खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. वर्षभर तिने ती जागा सोडली नाही.

शेवटच्या चाचण्यांत अ तुकडी सुधारलेली निघाली. पण ब तुकडीही तितकीच सुधारली होती. धावण्यात तर दीपाने दोन्ही तुकड्यांना मागे टाकलं. गझालाला काहीच उमजेना. तिने दीपाला बोलावून विचारलं, तेव्हा दीपाचा चेहरा फुलला.

"मॅडम, तुमी अ च्या पोरीइले जे शिकवलं ते मी खिडकीतून पाह्यलं, अन् आमच्या समद्याइले शिकवलं. आमी रोज शाळेच्या पयले बंद जिनिंगच्या मांगं खेळतो."

शाबासकी मिळेल म्हणून ती समोर उभी होती. गझालाला मात्र फक्त वाया गेलेलं वर्ष दिसत होतं.

"माझं सगळं काम पाण्यात घातलंस तू," ती म्हणाली.

पुंडलिकरावांनी फोनवर फार विचार केला नाही. हा गट बाद कर, पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेतला घे, एवढंच त्यांनी सांगितलं. गझालाने ब तुकडीचे मोजमापाचे कागद फाडून टाकले. मग ती मुख्याध्यापिकांकडे गेली आणि मुली सकाळी कापसाच्या बंद जिनिंग गिरणीच्या आवारात जातात, तिथे गंजलेली यंत्रं पडली आहेत, असं तिने सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण काळजीपोटी आपण हे सांगत नाही, रागापोटी सांगतो आहोत, हे तिला तेव्हाही कळत होतं. मुलींच्या घरी निरोप गेले आणि खेळ बंद झाला.

काही दिवसांनी मथुराबाई शाळेत आली. पोरगी आधी भल्या पहाटे उठून भाकर खाऊन निघायची, आता उठवलं तरी उठत नाही, नीट जेवतही नाही, काही झालं का, असं तिने हात जोडून विचारलं. गझालाने सांगितलं की पुढच्या वर्षी दीपाच्या तुकडीलाच खेळायला मिळणार आहे. ते मात्र घडलं नाही. पुढचं वर्ष तिचं महागावच्या शाळेत खेपा घालण्यात गेलं. तिथे खेळाचा शिक्षकच नव्हता, त्यामुळे तिथल्या मुली तिला हव्या तशाच, न खेळलेल्या राहिल्या. दारव्ह्यातला तो तास गणिताला गेला. दीपाने नववीतच शाळा सोडली.

प्रबंध मंजूर झाला, आणि गझालाला पांढरकवड्याच्या एका महाविद्यालयात नोकरी मिळाली. भावी शिक्षकांना शिकवताना बऱ्याच वर्षांनी एक धडा आला : मुलं सर्वांत लवकर एकमेकांकडून शिकतात. राजदीप नावाच्या विद्यार्थ्याने विचारलं की असं कुठे घडलेलं तुम्ही पाहिलंय का. गझाला म्हणाली, हो. जे शोधायला आपण निघालो होतो त्याहून मोठं काहीतरी त्या पोरींनी आपल्यासमोर आणून ठेवलं होतं आणि आपण ते उधळून लावलं, हे तिला त्या वर्गात उभ्या उभ्या कळलं.

त्या रविवारी ती दारव्ह्याला गेली. दीपाचं लग्न तिथेच झालं होतं आणि ती घरी ब्लाउज शिवायची. तिने मॅडमना ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा दिला आणि पुन्हा शिवायला बसली. आपण चुकलो, हे सांगायला गझालाला चहा संपेपर्यंत वेळ लागला. दीपाने मशीन थांबवलं.

"शाळा तुमच्यानं नाही सुटली मॅडम. बाबाची कंबर गेली, मले वेचनीले जा लागलं." तिने सुईखालचं कापड सोडवलं. "पन खेळनं-पयनं मात्र तुमच्यानंच सुटलं. आमाले वाटलं होतं, तुमी एखांद्या सकाळी आमचा खेळ पाहाले यासान."

तुमच्या त्या खेळाविषयी मी लिहू का, असं गझालाने शेवटी विचारलं. लिहा, दीपा म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना उत्सुकता. बाहेर एक बाई ब्लाउज घ्यायला आली होती. दीपाने तिला आत बोलावलं आणि गझाला उठली.

तिने लेख लिहून एका संशोधन पत्रिकेला पाठवला. विषय चांगला आहे, पण मोजमापं जोडलेली नाहीत, एवढ्या शेऱ्यानिशी तो परत आला. दीपाला काय कळवायचं ते तिला ठरवता आलं नाही. तिने काहीच कळवलं नाही.