थोडक्यात वाचलेल्यांचा तास

समृद्धी घाबरली की तिचा डावा अंगठा मुठीत जातो. आज फळ्यापाशी उभी असतानाही तो बाहेर होता. नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या गीतांजलीने, तिच्या आईने, सर्वांत आधी तेच पाहिलं.

गीतांजली याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. इंटरनेटवर कसं वागावं, हा नवा तासही यंदा तिच्याकडे आला होता. ती नियम सांगायची, मुलं निमूट लिहून घ्यायची.

"मम्मी, पोरं तुले स्वतःचं काही सांगतात का? तू नुसती नियमच सांगून राहिली," दहावीतली समृद्धी एकदा म्हणाली होती.

"मग तूच घे ना तास!"

आणि तिने खरंच घेतला.

वर्ग हिंदी बोलणारा, म्हणून फळ्यावर तिने हिंदीत लिहिलं, 'बाल-बाल बचे', म्हणजे थोडक्यात वाचलो. मग सांगू लागली. तिचे पप्पा पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला आहेत. तिथे अपघात होता होता टळला, तरी तो सांगायचा असतो. सांगणाऱ्यावर कोणी ओरडत नाही. तो गप्प बसला, तर पुढच्याचा हात जायचा. "यहाँ भी वही. हँसना नहीं, डाँटना नहीं. टीचर भी नहीं!" तिने थेट आईकडे पाहिलं. वर्ग खदखदून हसला.

मोहित उठला. परीक्षा पुढे गेल्याचा खोटा मेसेज तो सगळ्या ग्रुपांत टाकणार होता. "नेट चला गया, दीदी, नहीं तो मैं फेमस था!"

मग प्राची हळूच उभी राहिली. गेममध्ये भेटलेल्या कुणा अनोळखी 'दीदी'ने तिच्याकडे शाळेच्या गणवेशातला फोटो मागितला होता. तिने तो निवडलाही होता. ऐन वेळी भीती वाटली, म्हणून पाठवला नाही.

"घर में बताया?"

"बताती तो फोन ही छिन जाता."

आता कोणी हसलं नाही. समृद्धीने घाई केली नाही. "तुमने बता दिया, अब बाकी सब बचेंगे," ती म्हणाली. आधी स्क्रीनशॉट, मग तक्रार, मग ब्लॉक, हा क्रम तिने समजावला. "और घर पर मॅडम साथ चलेंगी." गीतांजलीने मान हलवली. अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता; पण प्राचीचं वाक्य आत रुतून बसलं होतं.

समृद्धीला आठवीत फोन दिला, तेव्हापासून रोज जेवण झालं की गीतांजली तिचे सगळे मेसेज वाचायची. "प्लांटच्या गेटवरचे जवान तरी शिफ्ट संपली की घरी जातात," असं सुमेध, तिचा नवरा, चिडवायचा. दहावी लागली की बंद करू, असं तिने ठरवलं होतं. मग सहामाही झाली की. सगळं वाचत असल्यामुळे तिने मुलीला कधी काही विचारलंच नव्हतं.

स्कूटर स्टँडपाशी समृद्धीने विचारलं, "कसा झाला?"

"माझ्यापेक्षा चांगला."

"हो का? मग तोंड असं कावून केलं?"

गीतांजलीने हातातलं हेल्मेट सीटवर ठेवलं.

"आजपासून मी तुझा फोन पाहणार नाही. पासवर्ड बदलून टाक, अन् तो मले सांगू नको."