निळ्या मखमलीचा कोट आणि चौघी मैत्रिणी

मित्रांनो, मी निळ्या मखमलीचा एक जुना कोट. मला घडवलं ते एका चित्रपटाच्या कपडेपटातल्या शिंपीकाकांनी. मोठ्या शहरात राहणाऱ्या, नटूनथटून हिंडणाऱ्या चार मैत्रिणींचा तो चित्रपट होता. त्यांतल्या थोरलीच्या अंगावर मी चढलो आणि माझं नशीबच फळफळलं. चित्रपट इतका गाजला, की शहरातल्या मुली शिंप्यांना माझं चित्र दाखवून 'अस्साच शिवा' म्हणायच्या. मला काचेच्या कपाटात, झगझगीत दिव्यांखाली उभं केलं. लोक टाचा उंचावून बघायचे.

पण कौतुक किती दिवस पुरणार? पुढे त्या काचेत दुसऱ्याच सिनेमाची चिलखतं आली आणि मी डांबरगोळ्यांच्या सोबतीला ट्रंकेत गेलो. चौघी मैत्रिणीही आपापल्या कामाधामात पांगल्या.

बऱ्याच वर्षांनी झाकण उघडलं. चित्रपटाचा दुसरा भाग निघणार होता! चौघी पुन्हा जमल्या होत्या. थोरलीने मला अंगात घातलं, पण बटणं काही केल्या लागेनात. केस पिकलेली थोरली आरशात स्वतःला न्याहाळू लागली.

"नवा शिवू या," दिग्दर्शिका हळूच म्हणाली.

"कोट नवा शिवाल हो, मी कुठून नवी आणू? माझं काम दुसरीला द्या."

माझ्या अस्तराला घामच फुटला. तेवढ्यात चौघींतली धाकटी पुढे झाली.

"अगं, तू नसलीस तर आम्ही तिघींनी काय रस्ता मोजत बसायचं? काका, याच्यात माया आहे का बघा जरा."

माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. शिंपीकाकांनी माझी कुशीवरची शिवण उसवली, आणि सगळे पाहतच राहिले. मीसुद्धा! बाहेरून मी दिव्यांनी विटून राखाडी झालो होतो. आतली मखमल मात्र अजून गर्द निळी होती, मोराच्या गळ्यासारखी. एवढा रंग माझ्याच पोटात होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता!

"सगळा रंगवून एकसारखा करू का?" काकांनी विचारलं.

"नको," दिग्दर्शिका म्हणाली. "दिसू दे."

बटणं लागली. दोन्ही कुशींवर दोन निळे पट्टे घेऊन मी भर बाजारपेठेत कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. चौघी हातात हात गुंफून चालू लागल्या. बघ्यांची ही गर्दी, पण चकार शब्द नाही. ऐकू येत होत्या त्या फक्त त्यांच्या टाचा.

पहिल्या खेळाला थोरली मलाच घालून गेली. पडद्यावर मी घराएवढा मोठा! ती वळली तसा निळा पट्टा लखलखला. मागच्या रांगेतल्या एक आजी नातीला म्हणाल्या, "ही आमच्या वेळची, बरं का! आणि कसली दिसतेय बघ!" थोरलीने घेतलेला लांब श्वास माझ्या टाक्याटाक्याला जाणवला.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कपडा जुना झाला म्हणून लगेच त्याची चिंधी करू नका. त्याला वारा दाखवा, ऊन दाखवा, एकदा आतून बघा. काय लपलेलं असेल, ते त्यालाही ठाऊक नसतं.

मी पुन्हा ट्रंकेत गेलो नाही. आता चौघींकडे आळीपाळीने राहतो. आज धाकटीची पाळी. तिला माझ्या बाह्या लांब होतात. तिने त्या दुमडल्या, आणि निघालीसुद्धा!