बसा, बोलावतो

दातांच्या दवाखान्यात नंबर लावणाऱ्या माणसाला सगळे बसाभाऊ म्हणत. आल्या माणसाला तो ‘बसा, बोलावतो’ एवढंच सांगे. पण असं सांगे, की दाढ ठणकणारा माणूसही काम निम्मं झालं समजून दुपारपर्यंत बसून राही. एका गृहस्थांचा दात तर वाट बघता बघता आपणहून पडला. त्यांची काही तक्रार नव्हती.

सिगारेट सोडायची वेळ त्याच्यावर लेकीमुळे आली. घरातल्या धुरानं तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. बायको तिला घेऊन माहेरी गेली. जाताना भांडली नाही, हे लक्षण वाईट. आज संध्याकाळी दोघी दवाखान्यात येणार होत्या. “वास आला तर दारातूनच मागे फिरेन,” असा निरोप होता.

डॉक्टरबाईंनी उपाय सांगितला होता. “तलफ आली की तिच्याशी वाद घालायचा नाही. जरा थांब म्हणायचं, पाणी प्यायचं, लवंग चघळायची. कंटाळून जाते ती.”

थांबवून ठेवणं तर त्याच्या हातचा मळ.

सकाळच्या चहानंतर त्यानं मान वर केली, तर टेबलासमोर एकजण उभे. अंगात बसाभाऊचाच शर्ट, चेहरा हललेल्या फोटोसारखा.

“चला खाली. एकच,” ते हळूच म्हणाले.

“बसा, बोलावतो,” बसाभाऊ सवयीनं म्हणाला.

ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. त्यानं लवंग चघळली, पाणी प्यायलं. ते बसूनच राहिले.

मग जेवणानंतरचे आले. बायकोचा फोन ठेवल्यानंतरचे आले. काहीच कारण नसलेलेही एक आले. ते सगळ्यांत धिप्पाड होते. सगळ्यांना त्यानं बसवलं. सगळ्यांचा उजवा हात वरच्या खिशावर. एक खोकला की ओळीनं सगळे खोकत.

खरे पेशंट भिंतीला टेकून उभे होते.

“आजी, बसा की,” तो गाल सुजलेल्या म्हातारीला म्हणाला. “खुर्च्या रिकाम्याच आहेत ना?”

“आहेत रे. पण बसवत नाही.”

“का?”

“तू बस बरं.”

तो बसला नाही.

उन्हं कलली. कुणी काही पेटवलं नव्हतं, तरी खोलीत धुराचा वास यायला लागला. बसाभाऊनं घड्याळ पाहिलं. चूक त्याचीच होती. आपल्याला बोलावणार आहेत असं वाटतंय तोवर माणूस उठत नाही, याच भांडवलावर तर त्याची नोकरी चालली होती. तो उभा राहिला आणि त्या खोलीत कधीच न उच्चारलेलं वाक्य बोलला.

“डॉक्टर आज कुणाला बघणार नाहीत.”

“अहो, मी आत आहे,” आतून डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यानं त्यांचं दार लोटून घेतलं.

सगळ्यांत आधी आजी निघाली, सुजल्या गालानं हसत. मागोमाग बाकीचे पेशंट. मग खुर्च्यांवरचे उठले, रांगेनं. दारात धिप्पाड गृहस्थ वळले.

“मग उद्या येऊ?”

‘या’ अगदी जिभेवर आलं होतं. जन्मभर तेच म्हटलेलं. त्यानं लवंगेसकट जीभ चावली.

“उद्या नाही. कधीच नाही.”

ते गेले. जिन्यात पावलं वाजली नाहीत. बसाभाऊनं सगळ्या खिडक्या उघडल्या. डॉक्टरबाई डोकं हलवत घरी गेल्या.

दोघी आल्या. बायकोनं उंबऱ्यावरूनच नाक पुढे केलं, मग कॉलर हुंगली.

“लवंगांची वखार टाकलीय का?” ती म्हणाली आणि आत आली.

लेक कोपऱ्यातल्या खुर्चीकडे धावली आणि थबकली.

“बाबा, इथे काका बसलेत.”

सकाळच्या चहानंतरचे. बसाभाऊनं लेकीला उचलून कडेवर घेतलं. श्वास कानाशी लागला, शिट्टी नव्हती.

“मी थांबतो,” कोपऱ्यातून आवाज आला. “मला घाई नाही.”

“थांबा,” बसाभाऊ म्हणाला. पुढचा शब्द त्यानं गिळला, दिवा घालवला आणि बाहेरून कुलूप लावलं.