दोन तासांत पुस्तकबांधणी

आमच्या कंपनीत एकोणीस माणसं होती आणि त्यांतल्या एकानेही धड कुठला क्लास पूर्ण केला नव्हता. धंदा मात्र क्लासचाच. शहरातले शिक्षक शोधायचे, ॲपवर टाकायचे आणि समोर बसून शिकायची हौस असलेल्यांना त्यांच्या दारात पोचवायचं. पोहणं, सुतारकाम, गिटार, काहीही. शिक्षकांना आम्ही ‘भागीदार’ म्हणायचो. एकदा तसं म्हटलं की त्यांचे फोन उचलले नाहीत तरी चालायचं.

मालकाला आम्ही पाठीमागे ‘झेप’ म्हणायचो. दर मीटिंगला तो ‘आता झेप घ्यायची’ म्हणायचा आणि खुर्चीतच बसलेला असायचा.

महिन्याला दहा नवे शिक्षक आणायचे, ही माझी नोकरी. एका महिन्यात नवावर गाडी अडली, तेव्हा मी सख्ख्या मामाला टाकलं. मामा छापखान्यामागच्या खोलीत तीस वर्षं पुस्तकं बांधतो आणि शनिवारी सहा जणांना शिकवतो.

“माझ्या शनिवारात कोणी नाक खुपसणार नाही ना?” त्याने विचारलं.

“छे रे मामा!”

खोटं बोलण्याचाच तर मला पगार होता.

दुसऱ्याच शनिवारी झेप मला आणि एका फोटोग्राफरला घेऊन तिथे हजर. मामाने त्याला स्टुलावर बसवलं, पुढ्यात कागद ठेवले आणि घड्या घालायला सांगितल्या. झेपच्या चौथ्या घडीला मोबाइल वाजला.

“फोन बाहेर ठेवा,” मामा म्हणाला.

“काका, शिवण कधी शिकवता?”

“चौथ्या शनिवारी.”

“चौथ्या? लोकांना दोन तासांत पुस्तक घरी न्यायचंय. तुम्हाला स्केल करायचं नाही का?”

मामाने टेबलावरची पोलादी पट्टी उचलून दाखवली. “आहे की स्केल. बारा इंची.”

सहाही विद्यार्थी खो खो हसले. मीही हसले, पण खाली मान घालून, झेपला दिसणार नाही अशी. फोटोग्राफर मात्र सगळा वेळ मामाच्या हातांचं चित्रण करत होता.

सोमवारी झेपने जाहीर केलं की पुस्तकबांधणीचा क्लास आता कंपनीच घेणार. शिकवणार मार्केटिंगमधली एक मुलगी. तिने ते चित्रण पाच वेळा पाहिलं होतं, तेवढ्यावर ती तज्ज्ञ झाली. जाहिरात मी लिहिली: ‘तीस वर्षांच्या अनुभवातून’. फोटो मामाच्या हातांचा, मनगटापर्यंत कापलेला. मामाला ॲपवरून काढलं आणि ते कळवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

“मामा, तुझं नाव काढलंय. तुझी पद्धत आमच्या धोरणात बसत नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “हात माझेच आहेत ना गं त्या जाहिरातीत?”

मी नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवला.

पहिल्या वर्गाला चौदा माणसं आली. दोन तासांनी चौदा वह्या घेऊन, फोटो काढून, खुशीत घरी गेली. आठवड्याच्या आत अकरा वह्यांची पानं सुटली. एका बाईने सुट्या पानांचा गठ्ठाच ऑफिसात आणून आदळला. झेप तिला हसून म्हणाला, “ही तर तुमच्या शिकण्याची सुरुवात आहे.” त्या बाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्या जागी मी असते तर टेबलाखाली गेले असते. तो कॉफी आणायला गेला.

तेव्हाच मी राजीनामा दिला, असं सांगायला आवडलं असतं. नाही दिला. आणखी पाच महिने टिकले, कंपनीला कुलूप लागेपर्यंत. झेप आता अपयशातून काय शिकावं यावर भाषणं देतो. ऐकायला माणसं जातात.

नंतर एका दुपारी मी मामाकडे गेले. मामीने दार उघडलं, मला बघितलं आणि तशीच आत निघून गेली. मामा हात पुसत बाहेर आला.

“तिचा राग इतक्यात जायचा नाही,” तो म्हणाला. “तू बस.”

मी बसले. आतून मामीने भांडी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत होता.